न बदलणारी शिकवण, बदलत गेलेले नियम

मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या घरात मूल आठ वर्षांचं झालं की त्याच्या बाप्तिस्म्याची तयारी सुरू होते. पांढरे कपडे आणले जातात, आजी-आजोबा दूरच्या गावाहून येतात आणि बहुतेक वेळा वडील स्वतःच मुलाबरोबर पाण्यात उतरतात, त्याला पूर्ण बुडवून पुन्हा वर काढतात. या पंथात गावोगावच्या मंडळ्यांना पगारी पुरोहित नसतो. कुणी दंतवैद्य, कुणी शाळामास्तर, कुणी दुकानदार काही वर्षं बिशपचं काम पाहतो आणि घरचे संस्कार घरच्याच माणसांच्या हातून होतात. आठव्या वर्षीचा हा बाप्तिस्मा म्हणूनच साऱ्या कुटुंबाचा सोहळा असतो.

५ नोव्हेंबर २०१५ रोजी या पंथाचा एक नवा नियम बाहेर फुटला. बिशपांसाठी असलेल्या नियमपुस्तिकेत कुठलाही गाजावाजा न करता ही भर घातली गेली होती. समलिंगी विवाह करणारा सभासद यापुढे धर्मत्यागी मानला जाणार होता. त्याहून जिव्हारी लागणारा भाग मुलांबद्दलचा होता. समलिंगी जोडप्याच्या घरी वाढणाऱ्या मुलाला तान्हेपणीचा आशीर्वाद मिळणार नव्हता आणि आठव्या वर्षी बाप्तिस्माही नाही. त्याने अठरा वर्षांचं व्हायचं, आई-वडिलांच्या घरातून बाहेर पडायचं, समलिंगी सहजीवन आपल्याला मान्य नाही असं सांगायचं आणि मग वरिष्ठांची परवानगी आली तर बाप्तिस्मा.

ही मुलं आली कुठून, हे समजून घेतल्याशिवाय त्या नियमाची क्रूरता कळत नाही. समलिंगी तरुणांना आधीच्या कित्येक वर्षांत बिशपांनीच सल्ला दिला होता की लग्न कर, सगळं ठीक होईल. त्यांनी लग्नं केली, मुलं झाली, पुढे ती लग्नं मोडली. आता ती मुलं निम्मा आठवडा आईकडे आणि निम्मा आठवडा वडील व त्यांच्या जोडीदाराकडे राहत होती. चर्चच्याच सल्ल्यातून जन्मलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी चर्चचं दार बंद झालं होतं. सॉल्ट लेक सिटीत शेकडो लोकांनी रांगा लावून सभासदत्वाचे राजीनामे दिले. आठवड्याभरात वरिष्ठांनी खुलासा केला की ज्यांचा मुख्य मुक्काम समलिंगी जोडप्याकडे आहे अशाच मुलांना हा नियम लागू आहे. नियम मात्र राहिला.

जानेवारी २०१६मध्ये पंथाच्या बारा प्रेषितांमधले ज्येष्ठ, रसेल नेल्सन यांनी तरुणांसमोर सांगितलं, की हा निर्णय म्हणजे परमेश्वराने आपल्या संदेष्ट्याला कळवलेली इच्छा आहे. ४ एप्रिल २०१९ रोजी तोच नियम मागे घेतला गेला. तोवर नेल्सन स्वतः पंथाचे प्रमुख, म्हणजे मॉर्मनांच्या भाषेत संदेष्टे, झाले होते. सप्टेंबर २०१९मध्ये त्यांनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठात विद्यार्थ्यांना समजावून सांगितलं, की दोन्ही निर्णयांमागे प्रेमच होतं.

मधल्या साडेतीन वर्षांत आठ वर्षांची झालेली मुलं अकरा-बारा वर्षांची झाली. त्यांच्या आयुष्यातला तो दिवस मात्र हुकला होता.

हा पंथ वयाने दोनशे वर्षांचाही नाही. १८३०मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने त्याची स्थापना केली. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ उतरवला, असं त्याचं सांगणं होतं. १८४४मध्ये इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला ठार मारलं. मग ब्रिगहॅम यंग अनुयायांना घेऊन पश्चिमेकडे निघाला आणि १८४७मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन वसला. आजचं युटा राज्य घडलं ते तिथून. पंथाचं अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ‘मॉर्मन’ हे नाव वापरू नये असा आग्रह नेल्सन यांनी २०१८मध्ये धरला, पण जगाच्या तोंडी तेच रुळलं आहे. सभासद १ कोटी ७० लाखांहून अधिक, त्यातले निम्म्याहून जास्त अमेरिकेबाहेरचे. भारतात संख्या थोडी आहे, पण बेंगळुरूत टेम्पल, म्हणजे खास विधींसाठीचं मंदिर, बांधण्याची घोषणा २०१८मध्ये झाली. २०१२ची अध्यक्षीय निवडणूक लढवलेले मिट रॉमनी याच पंथाचे.

इतर ख्रिस्ती पंथांपेक्षा इथे एक गोष्ट अगदी वेगळी आहे. देव बायबलपाशी बोलायचा थांबला, असं मॉर्मन मानत नाहीत. तो आजही बोलतो आणि चर्चच्या अध्यक्षामार्फत बोलतो. अध्यक्ष, त्याचे दोन सल्लागार आणि बारा प्रेषित ही पंधरा माणसं एकमताने निर्णय घेतात. अध्यक्ष निवडला जात नाही. तो वारला की ज्याला प्रेषित होऊन सर्वांत जास्त काळ झाला, तो त्याच्या जागी येतो. नेल्सन ९३व्या वर्षी अध्यक्ष झाले. सप्टेंबर २०२५मध्ये ते वारले आणि डॅलिन ओक्स अध्यक्ष झाले, तेही ९३व्या वर्षी.

याचा परिणाम दुहेरी होतो. देव नव्याने बोलू शकत असल्याने कुठलीही शिकवण उद्या बदलू शकते. आणि ज्यांच्यामार्फत तो बोलतो त्यांचं मन आधीच्या दोन पिढ्यांत घडलेलं असल्याने बदल फार उशिरा येतो.

पण तो येतो. बहुपत्नीत्वाचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८५२मध्ये पंथाने जाहीरपणे सांगितलं की एकाहून अधिक बायका करणं ही देवाची आज्ञा आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने कायदे कडक केले, पुरुषांना तुरुंगात टाकलं, चर्चची मालमत्ता जप्त करायला घेतली. १८९०मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी नवी बहुपत्नी लग्नं बंद केल्याचं जाहीर केलं. सहा वर्षांत युटाला राज्याचा दर्जा मिळाला.

दुसरं उदाहरण अधिक वेदनेचं आहे. जेन मॅनिंग जेम्स ही कृष्णवर्णीय बाई १८४३मध्ये कुटुंबासह कनेक्टिकटहून निघून, वाटेत शेकडो मैल पायी चालत जोसेफ स्मिथच्या गावी आली, त्याच्या घरी कामाला राहिली, पुढे युटालाही आली. टेम्पलमधले विधी आपल्यालाही मिळावेत म्हणून ती वर्षानुवर्षं विनवत राहिली. कृष्णवर्णीयांना याजकपद नाही आणि टेम्पलचे विधी नाहीत, हा नियम ब्रिगहॅम यंगच्या काळापासून चालत आला होता. १८९४मध्ये तिच्यासाठी एक खास विधी केला गेला. स्मिथ घराण्याशी तिला अनंतकाळासाठी जोडण्यात आलं, ते चाकर म्हणून. १९०८मध्ये ती गेली. तिच्या नावाने ते विधी झाले १९७९मध्ये, कारण त्याच्या आदल्या वर्षी, जून १९७८मध्ये, अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी नवं प्रकटीकरण मिळाल्याचं सांगून वर्णबंदी उठवली होती.

त्या निर्णयामागची तयारी मात्र पृथ्वीवरची होती. १९७३मध्ये लेस्टर बुश या अभ्यासकाने ‘डायलॉग’ नियतकालिकात लांबलचक लेख लिहून दाखवलं की ही बंदी संस्थापकाने घातल्याचा पुरावा सापडत नाही. ब्राझीलमध्ये साओ पावलोला टेम्पल उभं राहत होतं आणि मिश्र वंशाच्या त्या देशात आफ्रिकी रक्त कोणात आहे, कोणात नाही, हे ठरवणं अशक्य होतं. बंदी उठल्यावर दोन महिन्यांनी ब्रूस मॅकॉन्की या प्रेषितांनी लोकांना सांगितलं की याआधी मी किंवा ब्रिगहॅम यंग जे काही बोललो ते विसरून जा. कृष्णवर्णीयांविषयीच्या जुन्या उपपत्ती चर्चने लेखी नाकारल्या त्या २०१३ साली.

असं असेल तर समलिंगी माणसांविषयीची शिकवण तशीच का बदलत नाही? याचं उत्तर मॉर्मनांच्या स्वर्गात आहे.

रविवारी सगळे जमतात ते सभागृह वेगळं आणि टेम्पल वेगळं. टेम्पलमध्ये जायला बिशपचं शिफारसपत्र लागतं. तिथे नवरा-बायकोचं ‘सीलिंग’ होतं. सात जन्मांच्या गाठीची कल्पना मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. मॉर्मनांची गाठ जन्मांच्या हिशेबात बसत नाही, ती अनंतकाळाची असते. आई-वडील, मुलं, पूर्वज सगळे साखळीसारखे जोडलेले राहतात. स्वर्गाचे स्तर आहेत आणि सर्वांत वरच्या पायरीवर एकट्याला जागा नाही. तिथे जोडीनेच पोचता येतं. तिथे पोचलेली जोडपी देवासारखी होतात, त्यांची संतती पुढे चालू राहते. देवसुद्धा एकटा नाही, स्वर्गीय पित्याबरोबर स्वर्गीय माताही आहे.

कॅथलिक धर्मात ब्रह्मचारी माणूस संत होऊ शकतो. तिथे समलिंगी माणसाला ‘ब्रह्मचर्य पाळ’ म्हणणं कठोर असलं तरी त्या धर्मात ब्रह्मचर्याला मान आहे. मॉर्मन पंथात असा मानाचा एकटेपणा नाहीच. इथे समलिंगी माणसाला एकटं राहायला सांगितलं जातं आणि त्याच वेळी एकट्याला अपूर्ण मानलं जातं. ज्यांना या जन्मी जोडीदार मिळाला नाही त्यांना मृत्यूनंतर मिळेल, असं आश्वासन आहे. समलिंगी सभासदांना काही नेत्यांनी असंही सांगितलं की मृत्यूनंतर हे आकर्षण उरणार नाही. ज्या तरुणाला जगण्याची उमेद हवी आहे, त्याला मरणानंतरच्या सुटकेची आशा दाखवणं किती धोक्याचं आहे, हे त्या नेत्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

समलैंगिकतेविषयी चर्च नेहमी आजच्याच सुरात बोलत होतं असंही नाही. इतिहासकार मायकेल क्विन यांनी १९९६मध्ये पुस्तक लिहून दाखवलं की एकोणिसाव्या शतकातल्या मॉर्मन समाजात पुरुषा-पुरुषांतल्या आणि बायका-बायकांतल्या जवळिकीकडे बऱ्याच मोकळेपणाने पाहिलं जाई. चर्चच्या इतिहासावरील लेखनामुळे क्विन यांना १९९३मध्येच बहिष्कृत केलं होतं. ते स्वतःही समलिंगी होते. संस्थापकाच्या घराण्यातले जोसेफ एफ. स्मिथ हे ‘पेट्रिआर्क’ या वंशपरंपरागत पदावर होते. समलिंगी संबंधांची माहिती वरिष्ठांपर्यंत पोचल्यावर १९४६मध्ये प्रकृतीचं कारण सांगून त्यांना पदावरून मोकळं केलं गेलं. ते हवाईला जाऊन राहिले, पण त्यांना बहिष्कृत केलं नाही.

जाच वाढला तो त्यानंतर. १९६९मध्ये स्पेन्सर किंबॉल यांचं ‘द मिरॅकल ऑफ फर्गिव्हनेस’ हे पुस्तक आलं. समलैंगिकता हे घोर पाप आहे, पण निर्धार केला तर बरं होतं, असा त्याचा सूर होता. पुढची कित्येक वर्षं बिशप हे पुस्तक तरुणांच्या हाती देत राहिले. वर्णबंदी उठवणारे किंबॉल ते हेच. एका बाबतीत ज्यांनी स्वतःच्या मनाशी झगडून शतकाची चूक सुधारली, त्यांच्याच पुस्तकाने दुसऱ्या बाबतीत हजारो मुलांना स्वतःची घृणा करायला शिकवलं. त्यांना दुष्ट ठरवून हे कोडं सुटत नाही. वर्णबंदीच्या वेळी त्यांच्यासमोर ब्राझीलचे श्रद्धाळू सभासद होते, त्यांची नावं आणि चेहरे होते. समलिंगी सभासद त्यांच्यासमोर येत ते पापाची कबुली द्यायला, मान खाली घालून.

१९७०च्या दशकात चर्चच्याच मालकीच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात या मुलांवर ‘उपचार’ झाले. १९७६मध्ये मॅक्स फोर्ड मॅकब्राइड यांचा विजेच्या झटक्यांच्या उपचारावरचा प्रबंध तिथे स्वीकारला गेला. पुरुषांची विवस्त्र छायाचित्रं दाखवायची आणि विजेचे झटके द्यायचे, अशी ती पद्धत. ओक्स १९७१ ते १९८० या काळात या विद्यापीठाचे अध्यक्ष होते. नोव्हेंबर २०२१मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात त्यांना याबद्दल विचारलं, तेव्हा हे प्रकार आपण येण्याआधीच थांबले होते, असं त्यांनी सांगितलं. प्रबंधावरचं साल त्यांच्या कारकिर्दीतलं आहे. ज्या मुलांनी बरं होण्याच्या आशेने स्वतःहून ते झटके सोसले, त्यांना या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर मिळायलाच हवं.

दुसरा ‘उपचार’ होता लग्नाचा. कवयित्री कॅरल लिन पीअरसन यांचं लग्न १९६६मध्ये झालं. पती जेराल्ड समलिंगी होते आणि लग्नाने ते मिटेल असा विश्वास होता. चार मुलं झाली, प्रेम होतं, पण लग्न टिकलं नाही. घटस्फोटानंतर काही वर्षांनी जेराल्ड यांना एड्स झाला, तेव्हा कॅरल यांनी त्यांना स्वतःच्या घरी आणलं आणि १९८४मध्ये ते जाईपर्यंत त्यांची सेवा केली. १९८६मध्ये त्यांनी ही सगळी हकिगत ‘गुडबाय, आय लव्ह यू’ या पुस्तकात मांडली. मॉर्मन घरांमध्ये हे पुस्तक हातोहात फिरलं. समलिंगी माणूस म्हणजे आपल्या मुलांचा बाप, आपला भाऊ, आपल्या शेजारच्या बाकावरचा माणूस, हे पहिल्यांदा छापील पानावर आलं होतं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८७मध्ये, चर्चचे एक वरिष्ठ नेते गॉर्डन हिंकली यांनी महासभेत सांगितलं की लग्न हा समलैंगिकतेवरचा इलाज समजू नये.

तेवढं एक वाक्य यायला किती संसार मोडावे लागले, याची मोजदाद कुणाकडे नाही. इतर ‘उपचार’ चालूच राहिले. आकर्षण बदलण्याचा मार्ग दाखवणारी ‘एव्हरग्रीन’ ही संस्था १९८९मध्ये निघाली आणि २०१४मध्ये बंद झाली.

चर्चच्या शिकवणुकीचा एक-एक थर असाच निघत गेला आहे. प्रेषित बॉइड पॅकर यांनी ऑक्टोबर २०१०च्या महासभेत ही प्रवृत्ती जन्मजात असल्याचं नाकारलं आणि स्वर्गीय पिता कुणाच्या बाबतीत असं का करेल, असा सवाल केला. हजारो निदर्शक सॉल्ट लेकच्या टेम्पलभोवती जमले. काही दिवसांनी भाषण छापून आलं तेव्हा तो सवाल गाळलेला होता आणि ‘प्रवृत्ती’च्या जागी ‘मोह’ आला होता. डिसेंबर २०१२मध्ये चर्चने अधिकृतपणे मान्य केलं की असं आकर्षण कुणी निवडून घेत नाही. म्हणजे कारणाविषयीची शिकवण बदलली, इलाजाविषयीची बदलली. वागणुकीविषयीची तशीच राहिली. आकर्षण हे पाप नाही, त्याप्रमाणे वागणं हे पाप आहे, ही आजची भूमिका.

राजकारणातही चर्चने मोठं वळण घेतलं. २००८मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करणाऱ्या ‘प्रपोझिशन ८’साठी मंडळ्यांतून अध्यक्षांचं पत्र वाचलं गेलं. सभासदांनी प्रचाराला पैसा दिला, दारोदार फिरले. प्रस्ताव ५२ टक्के मतांनी जिंकला. पण त्यानंतर मॉर्मन म्हणजे दुसऱ्यांची लग्नं मोडणारे, अशी प्रतिमा देशभर झाली आणि कितीतरी मॉर्मन आई-वडिलांना आपल्याच मुलाच्या विरोधात आपण पैसे दिले हे नंतर उमगलं. डिसेंबर २०१३मध्ये न्यायाधीश रॉबर्ट शेल्बी यांनी युटातली समलिंगी विवाहबंदी घटनाबाह्य ठरवली आणि चर्चच्या मुख्यालयाच्या शहरात त्याच संध्याकाळी लग्नं लागली. मार्च २०१५मध्ये घर आणि नोकरी यांत समलिंगी व ट्रान्स व्यक्तींशी भेदभाव करायला मनाई करणारा कायदा युटात झाला. धार्मिक संस्थांना त्यातून सूट होती आणि चर्चचा त्याला पाठिंबा होता. २०२२च्या नोव्हेंबरात चर्चने समलिंगी विवाहाला कायदेशीर संरक्षण देणाऱ्या केंद्रीय विधेयकालाही पाठिंबा दिला. ‘प्रपोझिशन ८’नंतर अवघ्या चौदा वर्षांत! नागरी कायद्यातलं लग्न वेगळं आणि टेम्पलमधलं वेगळं, अशी रेघ चर्चने ओढली.

युटातला भेदभावविरोधी कायदा झाला त्याच २०१५च्या जानेवारीत ओक्स यांनी पत्रकारांना सांगितलं होतं की चर्च माफी मागतही नाही आणि कुणाकडून माफीची अपेक्षाही करत नाही.

हे बदल वरून खाली आल्यासारखे दिसतात, पण त्यांचा जोर खालून आला आहे. १९७७मध्ये समलिंगी मॉर्मनांनी ‘अफर्मेशन’ ही संघटना उभी केली, त्या काळी गुपचूप भेटून. २०१३-१४च्या सुमारास काही मॉर्मन आया एकत्र आल्या आणि त्यांनी स्वतःला ‘मामा ड्रॅगन्स’ म्हणवून घेतलं. आपल्या पिलांना हात लावाल तर खबरदार, असा त्याचा अर्थ. मॉर्मन समाजात आईच्या शब्दाला फार वजन आहे. चर्चनेच शतकभर तिला घराचा कणा म्हटलं होतं, आता तोच कणा बिशपच्या कचेरीत जाऊन मुलाच्या बाजूने ताठ उभा राहत होता. ‘इमॅजिन ड्रॅगन्स’ या बँडचे गायक डॅन रेनॉल्ड्स हे मॉर्मन घरातले. त्यांनी २०१७मध्ये युटात ‘लव्हलाउड’ हा संगीत महोत्सव सुरू केला आणि चर्चने त्याचं जाहीर स्वागत केलं. प्रेषित टॉड क्रिस्टॉफरसन यांचे धाकटे भाऊ टॉम समलिंगी आहेत. टॉम यांच्या जोडीदाराला आई-वडिलांनी घरात आणि जेवणाच्या टेबलावर कसं सामावून घेतलं, हे टॉम यांनी २०१७च्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे. गंमत नव्हे, दुःख असं, की २०१५चा नियम बाहेर आला तेव्हा त्याचं समर्थन करायला कॅमेऱ्यासमोर बसले ते टॉडच.

विद्यापीठाने तर विद्यार्थ्यांच्या आशेशी खेळच केला. फेब्रुवारी २०२०मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या आचारसंहितेतलं ‘समलिंगी वर्तना’वरचं कलम काढून टाकलं गेलं. मुलामुलींनी आवारात एकमेकांना मिठ्या मारल्या, फोटो काढले, घरी कळवलं. ४ मार्चला पत्र आलं, की समलिंगी प्रेमसंबंध चर्चच्या तत्त्वांशी जुळत नाहीत. दोन आठवडे मोकळं जगलेली मुलं आता उघडी पडली होती. ऑगस्ट २०२१मध्ये प्रेषित जेफ्री हॉलंड यांनी प्राध्यापकांना विवाहाच्या सिद्धांताच्या रक्षणासाठी शब्दांच्या ‘बंदुका’ उचलायचं आवाहन केलं. २०२३मध्ये समलिंगी प्रेमाच्या वर्तनाला मनाई करणारा मजकूर संहितेत परत आला.

आज समलिंगी सभासदाला बाप्तिस्मा मिळतो. तो मिशनला जाऊ शकतो, टेम्पलमध्येही जाऊ शकतो, अट एकच की त्याने प्रेमसंबंध ठेवायचा नाही. नातं जोडलं तर पुढे काय होईल हे बरंचसं बिशपच्या स्वभावावर ठरतं. सभासद याला ‘बिशप रूलेट’ म्हणतात. एका गावात समलिंगी जोडपं दर रविवारी पहिल्या बाकावर बसतं, दुसऱ्या गावात त्यांना शिस्तभंगाच्या मंडळासमोर उभं राहावं लागतं. ट्रान्स सभासदांसाठी तर दिवस उलटे फिरले आहेत. ऑगस्ट २०२४च्या नियमांनी लिंगबदलाची वाट धरलेल्यांना शिकवण्याची, मुलांबरोबर काम करण्याची जबाबदारी नाकारली आणि प्रसाधनगृहाच्या वापरावरही बंधनं घातली.

याच मुळातून फुटलेली दुसरी फांदी वेगळ्या दिशेने वाढली आहे. जोसेफ स्मिथची पत्नी एमा आणि तिची मुलं ब्रिगहॅम यंगबरोबर गेली नाहीत. १८६०मध्ये थोरल्या मुलाच्या नेतृत्वाखाली जो पंथ उभा राहिला, त्याचं आजचं नाव ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ आणि मुख्यालय मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी. त्यांचाही संस्थापक जोसेफ स्मिथच, ‘बुक ऑफ मॉर्मन’ही तेच आणि देव आजही बोलतो ही श्रद्धाही तीच. तिथे १९८४मध्ये स्त्रियांना याजकपद खुलं झालं, आणि २०१३मध्ये अमेरिकेतल्या परिषदेने समलिंगी विवाहाला आणि समलिंगी याजकांना मान्यता देण्याची शिफारस केली. तिथे टेम्पलमध्ये सीलिंग नाही, जोडप्यांनी भरलेला स्वर्ग नाही. त्यामुळे त्यांना बदलणं सोपं गेलं.

युटातल्या चर्चला मात्र आपल्या स्वर्गातून वाट काढावी लागेल. तशी वाट आहे, असं म्हणणारे अभ्यासक पंथातच आहेत. टेलर पेट्री यांनी २०११मध्ये ‘डायलॉग’मध्ये समलिंगी जोडप्यांना सामावून घेणाऱ्या मॉर्मन धर्मशास्त्राची मांडणी केली. सीलिंग ही गाठ केवळ नवरा-बायकोची कधीच नव्हती. एकोणिसाव्या शतकात कितीतरी पुरुषांचं रक्ताचं नातं नसलेल्या नेत्यांशी मानलेला मुलगा म्हणून सीलिंग होत असे. ती प्रथा वुडरफ यांनी १८९४मध्ये बंद केली. एक प्रकारची गाठ प्रकटीकरणाने सुटली, तर दुसऱ्या प्रकारची बांधली का जाऊ नये, हा प्रश्न मॉर्मन श्रद्धेच्या चौकटीतलाच आहे.

या प्रश्नाला चर्चचं उत्तर म्हणजे २३ सप्टेंबर १९९५ रोजी हिंकली यांनी वाचून दाखवलेला कुटुंबविषयक जाहीरनामा. विवाह स्त्री-पुरुषांतच असतो आणि लिंग हे माणसाच्या चिरंतन ओळखीचा भाग आहे, असं तो सांगतो. मॉर्मन घरांच्या भिंतींवर तो चौकटीत लावलेला दिसतो. आजचे अध्यक्ष ओक्स त्याचे सर्वांत खंदे पुरस्कर्ते आहेत आणि त्यांच्या हयातीत त्यात बदल होईल असं मानायला काहीच आधार नाही. पण पॅकर यांच्या २०१०च्या त्याच भाषणात आणखी एक दुरुस्ती झाली होती. बोलताना त्यांनी या जाहीरनाम्याला प्रकटीकरण म्हटलं होतं. छापताना त्याला सभासदांनी वाचावं आणि अनुसरावं असं मार्गदर्शन म्हटलं गेलं. बहुपत्नीत्व थांबवणारी १८९०ची घोषणा आणि वर्णबंदी उठवणारी १९७८ची घोषणा या दोन्हींवर महासभेत हात वर करून संमती घेतली गेली आणि त्या धर्मग्रंथात छापल्या गेल्या. १९९५च्या जाहीरनाम्याला तीस वर्षं उलटली, पण धर्मग्रंथात घेण्यासाठी तो महासभेपुढे संमतीला आजवर ठेवलेला नाही.